आवाजातलं पाणी

"छान रडलात, रुपाताई," दीक्षा म्याडम म्हणाल्या, आणि मऊ भाकरीच्या घासात दाताखाली खडा यावा तसं रुपाच्या आत काहीतरी कचकचलं. म्याडम चांगल्या मनानं म्हणाल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. वयानं त्या रुपाहून लहानच, कुरुंद्याच्या, केस मागं घट्ट बांधलेल्या, जेवणाच्या डब्याची पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवणाऱ्या. "पहिल्याच खेपेला इतकं मोकळं कुणी होत नाही हो. माणसं येतात आन् भिंतीकडं बघत बसतात. तुमचं मन साफ आहे. पुढच्या गुरुवारी या. असंच बोलायचं, असंच रडायचं. हळूहळू हलकं वाटतं." रुपानं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. पदर कोरडाच राहिला. म्याडमच्या ते ध्यानात आलं नाही, कारण त्या वेळी त्या तिच्यासाठी ग्लासात पाणी ओतत होत्या. खिडकीबाहेर लिंबाची फांदी होती, वर पंखा करकरत होता, आणि रुपाच्या गळ्यात अजून त्या सुराचं शेपूट वळवळत होतं, पाल निघून गेल्यावर मागं राहिलेल्या शेपटासारखं.

येताना तिला वाटलं होतं, इथं कोंडतील. हात बांधतील, सुई टोचतील, निदान रागावतील तरी. दवाखान्यातल्या दारू सोडवायच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात बाकावर सगळे पुरुषच बसलेले. तिला बघून त्यातल्या एकानं सरकून जागा दिली आणि म्हणाला, "बसा आक्का. मालकाला आणलं का? बरं केलं. बायकूनं आणल्याबिगर कोन येतं हितं?" आणि दिपककडं वळून, आपुलकीनं, "किती घेता, भाऊ?" दिपकनं आयुष्यात थेंब तोंडाला लावला नव्हता. एसटीच्या वर्कशॉपात दिवसभर गाड्यांखाली निजणारा, ग्रीसचा वास अंगावर घेऊन घरी येणारा, देवापुढच्या दारूच्या धारेलाही बोट न लावणारा दिपक. त्यानं मान खाली घातली, आणि ती मान खाली गेलेली बघून बाकावरचे सगळे समजुतीनं हसले. "लाजू नका. आमी समदे त्याच गावचे हाव." मग आतून नाव पुकारलं गेलं, रुपा दिपक राठोड, आणि ती उठली. बाकावरचं हसू तिथंच थिजलं. तिला आपली पाठ लख्ख जाणवली. सगळ्यांच्या नजरा बसलेली, भाजलेली पाठ.

दिपक मागोमाग आत आला होता, पण म्याडमनी त्याला बाहेर बसवलं. "दादा, तुम्हाला नंतर बोलावते." मग रुपाला म्हणाल्या, "इथं बोललेलं इथंच राहतं. तुमच्या मालकालाबी तुम्ही हो म्हटल्याशिवाय सांगणार नाही. फक्त तुमच्या जिवाला धोका दिसला, तर तेवढं मात्र मला लपवता येणार नाही. ते आधीच सांगून ठेवते." आणि मग त्या विचारत गेल्या. कधीपासून. किती. सकाळी हात कापतात का. नसलेलं काही दिसतं का, ऐकू येतं का. जीव द्यावा असं मनात येतं का. प्रश्न अवघड नव्हते. रुपा व्हय, न्हाई म्हणत गेली, बाजारात भाव सांगावा तशी. मग म्याडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्हाला आतून काय होतं, रुपाताई? तुमच्या शब्दांत सांगा." आणि रुपा आत बघायला गेली. आत धान्याचं बळद होतं. दाणा नसलेलं, खाली खाली गेलेलं. तिनं वाकून पाहिलं, हाक मारली, तिथून काही आलं नाही. म्याडम वाट बघत होत्या. बाहेर दिपक वाट बघत होता. तिकडं गोरेगावच्या बाजूला, सासूच्या तांड्यात, तिची लेक पुजा वाट बघत होती की नाही, कुणास ठाऊक. काहीतरी द्यायला हवं होतं. रिकाम्या हातानं उठता येणार नव्हतं. तेव्हा गळ्याच्या तळातून, न बोलावता, तो सूर वर आला.

*याडी ये, गोणीतलं मीठ मी तुझ्या तांड्याचं,*
*कोण्या मुलखाच्या पाण्यात आता विरायचं…*

शब्द तिनं स्पष्ट म्हटले नव्हते. गोरमाटीतले, बंजाऱ्यांच्या बोलीतले ते शब्द म्याडमला कळलेही नसते. नुसता सूर, हुंदक्यानं मधे मधे तुटणारा, जिथं तुटायला पाहिजे बराबर तिथंच तुटणारा.

तो सूर माहेरच्या साक्री काकीनं शिकवलेला. तांड्यात पोरीचं लग्न ठरलं की तिला स्वयंपाक, शिवण कुणी नव्यानं शिकवत नाही, रडायला शिकवतात. ढावलो म्हणतात त्याला. नवरीनं याडीच्या, म्हणजे आईच्या, गळ्यात पडायचं आणि रडत गायचं, मग काकीच्या, मग मैत्रिणीच्या; आणि पुढं आयुष्यभर, माहेरचं कुणी लांबून आलं, कुणी मेलं, कुणी दिसलं, की गळ्यात गळा घालून त्याच सुरात रडायचं. दुपारी, तांड्यामागच्या बोरीखाली, साक्री काकी पोरींना घेऊन बसायची. "‘याडी’ खालून उचल. घागर विहिरीतून वर येती, तसं. मधी हिसका नको, पानी सांडतं." रुपा म्हणायची, "काकी, डोळ्यात पानीच येईना." पोरी फिसफिसायच्या. काकी तंबाखूची गोळी गालात सरकवून म्हणायची, "डोळ्यातल्या पान्याला कोन विचारतं गं? मिरची कापली तरी येतं ते. आवाजात पानी आलं पायजे. तू अशी कोरडी रडलीस तर सासरचे म्हनतील, पोरगी घरात जड झाली व्हती, म्हून धाडली." एकीनं विचारलं होतं, "आन् थांबायचं कुठं, काकी?" "थांबायचं न्हाई. समोरची बाई तुज्या गळ्यातला हात काढती, तवा आपसूक थांबतं."

म्याडम टेबलापलीकडं होत्या. गळ्यात गळा नव्हता, म्हणून काढायला हातही नव्हता. रुपाला थांबायचं कुठं ते कळेना. ती रडत राहिली, आणि म्याडमच्या त्या दोन शब्दांनीच अखेर तो सूर थांबला. छान रडलात. लग्नातही सगळ्या हेच म्हणाल्या होत्या. तिला बैलावर उभं केलं होतं, जुन्या रीतीनं. बैल भाड्याचा, शेजारच्या तांड्यातून आणलेला, आणि नवरी न्यायला खाली जीप. त्या बैलाच्या पाठीवर, हात वर करून, सगळ्या घरादाराला, गोठ्याला, वाटेला हाका मारत ती रडली होती, आणि खाली उभ्या बायकांनी तोंडाला ओढणी लावून एकमेकींना सांगितलं होतं, छान रडली गं पोरगी. आतून ती काय आनंदात होती! दिपक तिला आवडला होता. त्याला नोकरी होती. हिंगोलीतल्या घरात नळ होता. आतल्या आत ती हसत होती आणि वरून असं रडत होती की बैलसुद्धा स्तब्ध उभा राहिला. रडणं आणि आत असलेलं, यांची तेव्हाच फारकत झाली, आणि तिला ते कळलंही नाही. उलट तिला वाटलं होतं, किती सोपं आहे.

"काय म्हनल्या?" व्हरांड्यातून बाहेर पडताना दिपकनं विचारलं.

"छान रडले म्हनल्या."

दिपकचा चेहरा उजळला. महिनोन् महिने तो असा उजळला नव्हता. "मंग झालं की! आर्धी बरी झालीस तू. तुला सांगतो, भडभडून निघालं पायजे." गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "याडीला फोन करतो सांजी. लेकराची परीक्षा झाली की आणू म्हनावं भेटीला. जूनमधी शाळेत नाव हितंच घालायचं का तिकडं, ते तवाच ठरवू." गाडीवर मागं बसून रुपानं त्याचा खांदा धरला. ऊन तव्यासारखं होतं. मोंढ्याच्या बाजूनं हळदीचा उग्र, मातकट वास येत होता, सगळ्या गावाला कुणी अंघोळ घालणार असल्यासारखा. तिला वाटलं, आत्ता सांगावं. ते माझं रडणं नव्हतं. पण दिपक शीळ घालत होता.

माझं रडणं कुठंय मग? घरी येऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि शोधू लागली. पुजाच्या पाठीवरचा तो मुलगा गेला, तेव्हा ते हरवलं असावं. थंडीत झाला होता. सासू, जिवनबाई, तांड्यावरून आली होती, आरशांच्या ओढणीत बाटली गुंडाळून. मोहाची, स्वतः गाळलेली. "औषध हाय ते. बाळंतिणीला ऊब धरती. मी माजी समदी लेकरं त्याच्यावर काढली." तिनं टोपणात ओतून, वर मिरपूड टाकून, स्वतःच्या हातानं रुपाच्या ओठाला लावली. त्या हातात माया होती, त्यात खोट नव्हती. रुपानं डोळे मिटून गिळलं, आणि अंधाऱ्या बळदात कुणी दिवा घेऊन पायरी पायरी उतरावं तसं ते आत उतरत गेलं. जिथं जिथं पोचलं तिथं तिथं उजेड झाला. ओटीपोट, मांड्या, पावलं. तिला वाटलं होतं, मला आजवर कुणी असं आतून हात लावला नव्हता. दुपारी तपासायला सिस्टर येणार होत्या. जिवनबाईनं कनवटीची वेलची काढून तिच्या हातावर ठेवली. "चाव. ह्या शिकलेल्या बाया वास घेत्यात. त्यांला आपल्यातलं काय कळतं?" दोघी मिळून हसल्या होत्या. सासू-सुनेचं ते एकमेव गुपित, वेलचीएवढं, हिरवं.

मुलाचं नाव ठेवायचं राहून गेलं. एका सकाळी तिनं पाजायला घेतलं तर त्यानं तोंड उघडलं नाही, एवढंच. दुपारपर्यंत घर बायकांनी भरलं. तांड्यावरून टेम्पो भरून आल्या. एकेक जण गळ्यात पडत गेली आणि रुपा एकेकीच्या गळ्यात रडत गेली, बराबर सुरात, बराबर जागी श्वास घेत.

*बापू रे, बैलाच्या गळ्यातली घंटी मी,*
*बैल पुढं गेला, मागं वाजत राहिले मी…*

बायका म्हणाल्या, मोकळी झाली बिचारी, रडून घेतलं तिनं. आणि त्याच वेळी तिची चोळी भिजत होती. दूध येत होतं. कुणासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं, ते आपलं येत होतं, गरम, थांबेना. सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तिला वाटलं, हे जे खाली वाहतंय ते माझं आहे आणि वर जे वाहतंय ते साक्री काकीचं. पण कुणाला सांगणार? गळ्यातला एक हात निघायचा, दुसरा पडायचा. जिवनबाईनं तिला पुन्हा टोपण दिलं. दूध आटायला. ते आटलं. औषध मात्र आटलं नाही. जिवनबाई तांड्यावर परत गेली तेव्हा उरलेली बाटली पिठाच्या डब्यामागं राहिली, ती संपल्यावर तिची जागा राहिली, आणि त्या जागेला दुसरी बाटली लागली. भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली. किराणावाला हसून म्हणायचा, "वहिनी, तुमच्या घरी रोज बिर्याणी व्हती का काय? इतकी इलायची कोन खातं?" रुपाही हसायची. वेलची सगळं झाकते असं तिला वाटायचं. जगात आणि तिच्यात तेवढं एक हिरवं टरफल होतं, आणि ते पुरत होतं.

मग ती दुपार. पुजा शाळेतून आली आणि आतून कडी. तिनं दार वाजवलं, वाजवलं, वाजवलं, आणि मग पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली. उन्हात. शेजारच्या लक्ष्मीबाईनं तिला पाहिलं तेव्हा सावली भिंतीवर चढली होती. दिपकनं येऊन खिडकीतून काठी घालून कडी काढली. रुपाला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होती ती जाग आल्यावर दिसलेली पुजाची नजर. पोर रागावली नव्हती, घाबरली नव्हती. ती नुसती लांबून बघत होती, बसस्टँडवर उभ्या असलेल्या गाडीची पाटी वाचावी तशी. दुसऱ्या दिवशी दिपक पुजाला आजीकडं तांड्यावर ठेवून आला. रुपावर त्यानं हात उचलला नाही, शिवी दिली नाही. फक्त म्हणाला, "मी गाड्याईचे बिघाड काढतो. हे कुठून काढावं मला कळून न्हाई राहिलं." आणि मग कुणीतरी त्याला दवाखान्यातल्या त्या खोलीचं सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारी रुपानं ठरवलं होतं, सूर येऊ द्यायचा नाही. ती दात आवळून बसली. म्याडम बोलत होत्या. झोप लागते का, हात अजून कापतात का, संध्याकाळी फार उबळ येते का. रुपा मान हलवत होती. "आज गप्प काहून?" म्याडमनी विचारलं. त्या जरा हिरमुसल्या होत्या आणि ते लपवत होत्या, हे रुपाला दिसलं. "मागच्या खेपेला किती मोकळ्या झालात. असं होतं, घाबरू नका. एक दिवस पुढं, एक दिवस मागं. हे गोळी खाल्ली आन् ताप उतरला असं नाही. कधी पुन्हा दारू घेतली गेली, तर तोंड लपवू नका. इथं या आन् सांगा. मी रागावणार नाही. आमच्या घरातबी हे होतं, मला माहीत आहे." त्या खरं बोलत होत्या. रुपाला त्यांचा लळा लागू पाहत होता आणि म्हणूनच सांगता येत नव्हतं. बाई, मी तुम्हाला फसवलं. तुम्ही ज्याला साफ मन म्हणता ते पाठ केलेलं गाणं आहे. खाली काही नाही. असं सांगितलं की हे मन साफ आहे म्हणणारी जगातली एकुलती बाई जाईल; आणि त्या दिपकला म्हणतील, अजून वेळ लागेल; आणि जून येईल. जीभ टाळूला चिकटली. म्याडमच्या ध्यानात आलं. "तोंड कोरडं पडतं का? डॉक्टरांच्या गोळ्यांनी होतं ते. त्यांना सांगते मी. तोवर पाणी पीत जा. बडीशेप, लवंग, वेलची, काहीतरी गालात ठेवत जा." रुपानं व्हय म्हटलं. त्या दिवशी तिनं दिलं ते एवढंच.

पण तिनं थेंब घेतला नाही. हे कुणी पाहिलं नाही, म्हणून लिहायला हवं. उतरत्या दुपारी जेव्हा भिंती जवळ यायच्या, जेव्हा पिठाच्या डब्यामागची ती रिकामी जागा नावानं हाक मारायची, तेव्हा ती दार उघडं टाकून पायरीवर जाऊन बसायची, पुजा बसली होती बराबर तिथं. हात मांडीखाली दाबून धरायची. घाम यायचा, पाठीतून मुंग्या जायच्या, समोरून जाणारा प्रत्येक माणूस आपल्याला ओळखून हसतोय असं वाटायचं. लक्ष्मीबाई भिंतीवरून विचारायची, "काय गं, उन्हात काहून बसली?" "आशीच." पाडवा गेला, आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागले आणि उन्हानं विटले. दिपक तिच्याकडं बघताना आता नाक पुढं करत नव्हता. एकदा त्यानं ताटातला गुळाचा खडा उचलून तिच्या ताटात ठेवला. पण आत बळद तसंच होतं. दारू गेली होती आणि तिथं दुसरं काही आलं नव्हतं. पूर्वी निदान कुणीतरी दिवा घेऊन उतरायचं. आता तेही नाही. बरं होणं म्हणजे हेच असेल का, रिकाम्या घराला झाडत बसणं? ती स्वतःला सांगायची, पुजा येईल. पुजा आली की तिच्या मागोमाग बाकीचं येईल.

जिवनबाईनं फोनवर सांगितलं होतं, "मी लेकराला वढून न्हाई ठेवत. घेऊन येते. राहते म्हनली, तर ठेव. न्हाई म्हनली, तर मी मागारी नेते. तिच्या मनावर हाय." म्हणजे सगळं आता त्या सहा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर आलं होतं.

ज्या दिवशी त्या यायच्या त्या दिवशी रुपानं फरशी दोनदा पुसली. दूध-शेवया केल्या, वर चारोळ्या टाकल्या. पुजाचा फ्रॉक धुऊन तारेवर घातला, तो उंचीला आखूड झाला असेल हे ध्यानात येऊन पुन्हा काढला. गोळी घेतली होती. जीभ लाकडासारखी झाली होती. तिनं न बघता फळीवर हात नेला आणि डबीतून हाताला आलं ते गालात टाकलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ओढणीचे आरसे लकाकत जिवनबाई उतरली, आणि तिच्या मागून पुजा. सावळी झालेली, उंच झालेली, केसांना तेल चोपडलेली. लक्ष्मीबाई आणि आणखी दोघी जणी दारात आल्या. पुजा उंबऱ्याशी थांबली. जिवनबाईनं तिच्या पाठीला हलकासा ढोसा दिला. "जा. दाव याडीला, काय शिकलीस ते."

आणि पुजानं धावत येऊन आईच्या गळ्यात हात टाकले आणि रडू लागली. सुरात.

*याडी ये, जीप आली, जीप गेली धुरळ्यात,*
*तुझा हात राहिला गं माझ्या केसांच्या पेडात…*

‘याडी’ तिनं खालून उचललं. घागर वर यावी तसं, हिसका न देता. जिथं तुटायला पाहिजे तिथं आवाज तुटला. दारात लक्ष्मीबाईनं डोळ्याला पदर लावला. "बया, केवढंसं लेकरू, काय रडतंय!" जिवनबाई अभिमानानं म्हणाली, "मी शिकवलं. गंमत म्हून शिकवायला गेले, तर एका दिवसात उचललं की पोरीनं." रुपानं पोरीला छातीशी धरलं होतं. लहान बरगड्या तिच्या हातांखाली हलत होत्या, आत एक काळीज होतं, आणि तिला कळेना. तिला काही म्हणजे काही कळेना. ही रडतेय, की गातेय? तिनं गाल गालाला लावून पाहिला. गाल कोरडा होता. पण कोरड्या गालाचं काय, आवाजात पाणी होतं. हे पाणी पुजाचं की जिवनबाईचं, की साक्री काकीचं, कुठल्या जुन्या वाटेवरच्या कुठल्या बाईचं? म्याडमना टेबलापलीकडून जितकं दिसलं तितकंच तिला इथं, कातडीला कातडी लावून, दिसत होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "छान रडतीस गं, बाई."

पुजानं पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला. बराबर जागी, आईच्या गालाशी. आणि सूर तुटला. जिथं तुटायला नको तिथं.

तिनं गळ्यातले हात काढले. मागं सरून आईकडं पाहिलं, लांबून, पाटी वाचावी तशी.

"वेलची," ती म्हणाली.

"काय गं?" लक्ष्मीबाई म्हणाली.

"हिनं वेलची खाल्ली." पुजा आजीकडं वळली होती. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती. "वेलची खाल्ली की ती निजती. मंग उठत न्हाई."

रुपाच्या गालात वेलची होती. तिला ती आत्ता जाणवली, टरफलासकट, जिभेखाली दाणे. म्हणजे ते कधीच झाकलं गेलं नव्हतं. जे झाकायला खाल्लं त्यालाच पोर ओळखत होती. दारूचा वास तिला ठाऊकच नव्हता, आईचा तेवढा ठाऊक होता. "न्हाई गं पोरी," रुपा म्हणाली, "नुसती वेलची हाय. तोंड सुकतं म्हून. म्याडमनी सांगितली." आणि बोलता बोलताच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. कित्येक दुपारी ती ज्या आवाजात न्हाई गं, नुसतं डोकं दुखतंय म्हणाली होती तोच. तिनं जिवनबाईकडं पाहिलं. पहिली वेलची जिच्या कनवटीतून आली होती ती बाई. जिवनबाईला आठवलं असावं, कारण तिनं तोंड फिरवलं आणि ओढणी सावरत राहिली, सावरलेलीच ओढणी.

"र्‍हायतीस का, बाई? आईजवळ?" दिपकनं खाली बसून विचारलं. तो कधी आत आला होता कुणाला कळलं नव्हतं.

पुजा आजीच्या मागं गेली. ओढणीच्या बारक्या आरशांत रुपाचे पुष्कळ तुकडे दिसत होते. "मला आजीसंगं जायचंय," ती म्हणाली, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. खालचा ओठ आधी, मग हनुवटी. नाकातून पाणी आलं. घशातून एक आवाज आला, चिरका, कुरूप, कसल्याच चालीत न बसणारा. तो मधेच अडकला, उचकीत मोडला, पुन्हा भलत्याच ठिकाणाहून सुरू झाला. ती आजीच्या घागऱ्यात तोंड खुपसून तसं रडत राहिली. ह्या रडण्याला छान म्हणायला कुणी पुढं आलं नाही. रुपा तिथंच उभी होती, हात अजून गळाभेटीसारखे पसरलेले. तिला वाटलं, खरं रडणं हे असतं होय. असं असतं होय ते.

शेवया कुणी खाल्ल्या नाहीत. जीप गोरेगावच्या रस्त्याला लागली.

गुरुवारी ती एकटी गेली. दिपकला रजा नव्हती, किंवा त्यानं मागितली नव्हती. त्यानं एकदाच विचारलं होतं, "खरंच नव्हती घेतली?" ती न्हाई म्हणाली, आणि तो बराच वेळ तिच्याकडं बघून म्हणाला, "असंन." पिठाच्या डब्यामागच्या जागेपुढं ती उभी राहून आली होती. जागा अजून रिकामी होती. सांजपर्यंत राहील का, तिला माहीत नव्हतं. गालात तिनं काही ठेवलं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली होती, ओठ दातांना.

"या, रुपाताई. पुजा आली होती ना?" म्याडमनी हसून विचारलं. "कशी झाली भेट?"

गळ्याच्या तळाशी सूर हलला. याडी ये. त्याला वर यायचं होतं; तो आला की सगळं सोपं होतं, म्याडम पुन्हा हसणार होत्या. पण कोरड्या तोंडात चाल धरेना. घागर अर्ध्यावर येऊन विहिरीच्या भिंतीला घासली आणि थांबली. म्याडमनी ग्लास पुढं सरकवला. रुपानं घेतला नाही.

"त्या दिशी," ती म्हणाली. शब्द एकेक सोलून काढावा लागत होता. "पैल्या दिशी. मी रडले नव्हते."

म्याडमचं हसू उतरलं. त्या पुढं वाकल्या, कारण नीट ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणालात?"

"गाणं व्हतं ते," रुपा म्हणाली. "आमच्यात शिकवतेत."

पंखा करकरत होता. म्याडमनी मधला ग्लास हळूच बाजूला केला.

"पोरगी गेली," रुपा म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधत तशीच बसून राहिली, कोरड्या डोळ्यांनी, तोंड अर्धवट उघडं ठेवून.